चहा सोडला, पण कामाचे काय?

वर्षावास सुरू झाला की विहारात ग्रंथवाचनाला बसणाऱ्यांपैकी काही जण एखादा संकल्प करतात. कुणी तंबाखू सोडतो, कुणी चहा बंद करतो. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले कॉफीच्या पुड्या आणणे थांबवतात. संकल्प चांगलाच आहे. पण त्याच घरात खुंटीला एक पिशवी अडकवलेली असते आणि तिच्यात कागद पडून असतात. उत्पन्नाचा दाखला काढायचा राहिलेला असतो, जात पडताळणीच्या अर्जासाठी आजोबांच्या शाळेतून उतारा आणायचा राहिलेला असतो, शिष्यवृत्तीच्या अर्जातील त्रुटी दुरुस्त करायची राहिलेली असते, आईची रक्तातील साखर तपासायची राहिलेली असते. चहा सुटतो, पिशवी तशीच राहते. दुसऱ्याच दिवशी डोके दुखू लागते, चिडचिड होते, कामे आणखी मागे पडतात. आठवड्याच्या आत चहा पुन्हा सुरू होतो आणि ‘आपल्याने काही होत नाही’ एवढी एकच समजूत पदरी उरते.

ही समजूत खोटी आहे, हे दाखवण्यासाठी या वेळचे आरोग्य पान. चहा-कॉफीची सवय आणि कामे पुढे ढकलण्याची सवय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, म्हणून एक सोडली की दुसरी आपोआप सुटेल असे वाटते. तसे होत नाही. त्यांची गाठ योग्य क्रमाने सोडवावी लागते. आधी काम हाती घ्यावे आणि नंतर चहा हळूहळू कमी करावा, असे आमचे सांगणे आहे. त्याची कारणे समजून घेऊ.

कॅफीन शरीरात काय करते?

चहा आणि कॉफी या दोन्हींमध्ये कॅफीन नावाचे द्रव्य असते. रुंगे नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८१९ मध्ये ते कॉफीच्या बियांमधून प्रथम वेगळे केले. आपण जागे असतो तोवर मेंदूत ॲडिनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते. मेंदूच्या पेशींवर त्याच्यासाठी ठरलेल्या जागा असतात. तिथे ते जाऊन बसले की आपल्याला जांभया येतात, अंग जड होते, झोप हवीशी वाटते. कॅफीनची घडण ॲडिनोसिनशी मिळतीजुळती असते, त्यामुळे ते या जागा आधीच अडवून बसते. मग थकवा असूनही त्याची वर्दी मेंदूपर्यंत पोहोचत नाही. कॅफीनचा असर ओसरला की साचलेला थकवा एकदम जाणवतो आणि आपण पुढचा कप मागतो.

शरीरातील कॅफीन निम्मे होण्यास साधारण पाच तास लागतात. म्हणजे संध्याकाळी सहाला घेतलेल्या चहातील निम्मे कॅफीन रात्री अकरालाही अंगात असते. गरोदर स्त्रियांमध्ये ते याहून बराच जास्त काळ टिकते. त्यामुळे ‘मला चहा पिऊनही झोप लागते’ असे म्हणणाऱ्याची झोपही अनेकदा उथळ असते. सकाळी उठल्यावर ताजेतवाने वाटत नाही आणि दिवस पुन्हा चहानेच सुरू करावा लागतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहारविषयक मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यानुसार १५० मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम, तेवढ्याच झटपट कॉफीत ५० ते ६५ मिलिग्रॅम आणि गाळून केलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफीन असते. दिवसभरात एकूण ३०० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये, असे संस्था सांगते. टपरीवरचा कप लहान असतो हे खरे, पण पावडर किती आणि किती वेळ उकळली यावर बरेच अवलंबून असते. घरच्या मोठ्या कपाने दिवसातून सहा-सात वेळा चहा होत असेल, तर आपण या मर्यादेला टेकलो आहोत असे धरावे.

एकदम सोडला की काय होते?

रोज कॅफीन मिळू लागले की मेंदूही आपली व्यवस्था बदलतो. ॲडिनोसिनसाठीच्या जागा तो वाढवतो. अशा वेळी कॅफीन अचानक थांबवले तर त्या सगळ्या जागा एकाच वेळी मोकळ्या होतात आणि ॲडिनोसिनचा असर नेहमीपेक्षा जास्त होतो. मेंदूतील रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामुळे डोके ठणकते.

हा त्रास शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत सुरू होतो. पहिले एक-दोन दिवस तो सर्वांत जास्त असतो आणि पुरता जायला दोन ते नऊ दिवस लागू शकतात. डोकेदुखी, थकवा, झोपाळूपणा, चिडचिड, उदास वाटणे आणि लक्ष न लागणे ही त्याची लक्षणे. काहींना मळमळ होते, अंग मोडून आल्यासारखे वाटते. दिवसाला अवघे १०० मिलिग्रॅम कॅफीन घेणाऱ्यांनाही, म्हणजे दोन-तीन कप चहा पिणाऱ्यांनाही, हा त्रास होऊ शकतो. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये काढलेल्या आजारांच्या सूचीत कॅफीन सोडल्यानंतरच्या या अवस्थेची स्वतंत्र नोंद आहे. तेव्हा हे मनाचे खेळ नाहीत.

आता ही यादी पुन्हा वाचा. थकवा, उदासपणा, लक्ष न लागणे. राहिलेली कामे उपसायला जे जे लागते, नेमके तेच या आठवड्यात आपल्याजवळ कमी असते. अर्जाची शेवटची तारीख दहा दिवसांवर आली असताना चहा बंद करणे म्हणजे पेरणीच्या दिवशी बैल बाजारात नेण्यासारखे आहे.

आणखी एक बाब. डोके दुखले म्हणून दुकानातून घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्यांमध्ये कॅफीन मिसळलेले असते. ती गोळी घेतली की आराम पडतो, पण तो अनेकदा कॅफीन मिळाल्यामुळे पडलेला असतो. चहा सोडला आणि गोळीची सवय लागली असे व्हायला नको. वेष्टनावर काय लिहिले आहे ते वाचावे, किंवा औषध दुकानदाराला स्पष्ट विचारावे.

काम मागे का पडते?

घरात या प्रश्नाचे एकच उत्तर ऐकू येते, ते म्हणजे आळस. मानसशास्त्राच्या अभ्यासकांचे उत्तर वेगळे आहे. फुशिया सिरोआ आणि टिमोथी पिचिल या दोघांनी २०१३ मध्ये मांडलेला विचार असा, की माणूस काम टाळतो तेव्हा तो खरे तर त्या कामाबरोबर येणारी नकोशी भावना टाळत असतो. काम कंटाळवाणे असते, अवघड असते किंवा त्यात अपमानाची भीती असते. ते पुढे ढकलले की त्या क्षणी हलके वाटते. हा हलकेपणा हेच बक्षीस ठरते, आणि पुढच्या वेळी मन पुन्हा तीच वाट धरते. काम मात्र तिथेच असते आणि आता त्यावर उशिराची लाजही चढलेली असते.

आपल्या समाजाच्या बाबतीत यात आणखी एक पदर आहे. ज्यांच्या आजोबांना कचेरीच्या पायरीवर ताटकळत उभे केले गेले, ज्यांच्या वडिलांचा कागद ‘उद्या या’ म्हणत पाच वेळा परत केला गेला, त्यांच्या नातवंडांना खिडकीसमोर उभे राहताना पोटात गोळा येतो. त्याला आळस म्हणणे अन्यायाचे होईल. पण त्या गोळ्यापायी अर्ज राहिला तर नुकसान कुणाचे, हेही पाहिले पाहिजे. पडताळणी प्रमाणपत्र मुदतीत दिले नाही तर राखीव जागेवरचा प्रवेश रद्द होऊ शकतो. महाडीबीटीवर अर्ज वेळेत भरला नाही तर वर्षभराची फी घरातून भरावी लागते. ज्या हक्कांसाठी बाबासाहेबांनी घटनेत तरतुदी करून ठेवल्या, ते हक्क आपल्या हाती पडतात ते याच कागदांच्या वाटेने.

चहा या सगळ्यात शिरतो तो एक सभ्य निमित्त म्हणून. ‘चहा घेतो आणि बसतो’ असे म्हणणाऱ्याला कुणी आळशी म्हणत नाही. दूध आणायला गेलो, आधण ठेवले, कुणीतरी आले, गप्पा झाल्या, कप विसळले, पाऊण तास गेला. त्यातही दुपारनंतरच्या तिसऱ्या-चौथ्या कपाने काहींची छाती धडधडते, हाताला कंप सुटतो. मन ती धडधड कामाच्या भीतीशी जोडते आणि काम होते त्याहून भयंकर वाटू लागते. चहाने काम टळते आणि काम टळल्याच्या ताणाने पुन्हा चहा लागतो.

चहा सोडण्याचा संकल्पही याच खेळाचा भाग होऊ शकतो, हे लक्षात घ्यावे. मोठा संकल्प केला की आपण काहीतरी भले केले असे समाधान मिळते. त्या समाधानात कागदांची पिशवी आणखी एक महिना खुंटीवर राहते.

आमचे चहाशी वैर नाही

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्या वडीलधाऱ्यांना चहाच्या कपाची किंमत माहीत आहे. हॉटेलाबाहेर वेगळी ठेवलेली, कान तुटलेली कपबशी स्वतःच विसळून त्यातून चहा प्यायचा, तोही बाहेर बसून, हे महाराष्ट्रातील गावोगावच्या लोकांनी भोगले आहे. घटनेच्या १५ व्या कलमाने दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले सर्वांना खुली केली, १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. सर्वांच्या बरोबरीने बाकावर बसून चहा पिणे हा आपल्याकडे मिळवलेला हक्क आहे. तेव्हा कुणी प्रेमाने कप पुढे केला तर तो नाकारून वातावरण बिघडवण्याची गरज नाही.

पंचशीलातील पाचवे शील मद्य आणि मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे आहे. चहा-कॉफी त्यात धरली जात नाही. पण त्या शिलाच्या पाली शब्दांत एक शब्द आहे, ‘पमाद’. पमाद म्हणजे गाफीलपणा, करायचे ते वेळेवर न करणे. मद्य वर्ज्य का, तर ते गाफीलपणाला कारण ठरते म्हणून. धम्मपदाचा दुसरा वर्ग याच्या उलट गुणावर, अप्पमादावर आहे. तथागतांनी महापरिनिर्वाणापूर्वी भिक्खूंना दिलेला शेवटचा उपदेशही अप्पमादाचाच होता. म्हणून चहा सोडला की नाही यापेक्षा आपण गाफील आहोत की सावध, हा प्रश्न धम्माच्या अधिक जवळचा आहे.

बौद्ध परंपरेत चहाला मानाचे स्थानही आहे. चीन आणि जपानमधील भिक्खू ध्यानाला बसताना झोप येऊ नये म्हणून चहा घेत. एइसाई या जपानी भिक्खूने १२११ मध्ये चहाच्या आरोग्यविषयक गुणांवर एक ग्रंथच लिहिला. तिथे चहा ध्यानाच्या आसनाला जोडलेला होता. तो घेतल्यावर ध्यानाला बसायचेच असे.

याचे एक उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मौलाना आझाद, पंडित नेहरू आणि काँग्रेसच्या इतर नेत्यांना अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात स्थानबद्ध केले गेले. मौलाना पहाटे उजाडण्यापूर्वी उठत, आपला बिनदुधाचा चहा स्वतः करत आणि लिहायला बसत. त्या काळात त्यांनी लिहिलेली पत्रे पुढे १९४६ मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने उर्दूत पुस्तकरूपाने आली, आणि त्यातील चहावरचे लेखन विशेष गाजले. नेहरूंनी याच किल्ल्यात १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. राजकारणाचे मतभेद बाजूला ठेवून यातून आपण एक साधी गोष्ट घेऊ शकतो. मौलानांचा कप लिहिण्याच्या जागेवर असे, लिहिणे टाळण्याच्या जागेवर नसे. कप तोच राहतो, त्याची जागा बदलली की सवय बदलते.

पहिला आठवडा: फक्त काम

पहिल्या आठवड्यात चहा-कॉफी अजिबात कमी करू नये. नेहमीइतकीच घ्यावी. बदल एवढाच, की कप कामाच्या आधी न घेता काम सुरू झाल्यावर घ्यायचा.

पिशवी खाली काढा आणि सगळी कामे एका कागदावर लिहा. मनात ती शंभर वाटतात, कागदावर बहुधा दहा-बारा भरतात. ज्याला तारीख आहे त्यापुढे तारीख लिहा. मग प्रत्येक कामाचा अगदी पहिला तुकडा कोणता ते लिहा. ‘जात पडताळणी करणे’ हे काम कुणालाच सुरू करता येत नाही. ‘आजोबांच्या शाळेचे नाव आत्याला फोन करून विचारणे’ हे सुरू करता येते.

त्यानंतर वेळ आणि जागा बांधून घ्या. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने अशा बांधणीचा अभ्यास केला आहे. नुसते ‘मी करीन’ म्हणण्यापेक्षा ‘अमुक झाले की मी तमुक करीन’ असे ठरवणाऱ्यांकडून काम पूर्ण होण्याचे प्रमाण जास्त असते. उदाहरणार्थ, ‘सकाळी वंदना झाली की मी टेबलाशी बसून अर्जाचे पहिले पान भरीन, आणि पान भरले की चहा घेईन.’ पंचवीस मिनिटे पुरेत. एवढ्यात काम संपणार नाही, पण सुरू होईल. मनावरचा खरा भार सुरुवातीचाच असतो.

खिडकीची भीती असेल तर एकट्याने जाऊ नये. तालुक्याला किंवा नगरला जायचे असेल तर दोघे मिळून जा. विहारातील पदवीधर मुलांनी आठवड्यातून एक संध्याकाळ वस्तीतील लोकांचे अर्ज भरायला दिली, तर कित्येकांच्या पिशव्या रिकाम्या होतील. चहा तिथेही होऊ द्या, अर्ज भरून झाल्यावर.

दुसरा आठवडा आणि पुढे: चहा हळूहळू

तारखेची कामे मार्गी लागली की मग चहाकडे वळा. ज्याला दिवसाला सहा कप लागतात त्याने दर दोन-तीन दिवसांनी एक कप कमी करावा. सुरुवात शेवटच्या कपापासून करावी, कारण रात्रीचा आणि संध्याकाळचा चहा झोपेचे नुकसान सर्वांत जास्त करतो. झोप सुधारली की सकाळचे आधण आपोआप कमी निकडीचे वाटते. पूर्ण कप सोडणे जड जात असेल तर कप अर्धा करा, किंवा पावडर कमी टाका. सकाळचा पहिला कप सर्वांत शेवटी, तोही सोडायचाच असेल तर. दोन-तीन आठवड्यांत बहुतेकांना फारसा त्रास न होता दिवसाला दोन कपांवर येता येते. दोन कपांवर थांबले तरी आरोग्याच्या दृष्टीने पुष्कळ झाले.

या काळात पाणी भरपूर प्यावे, जेवण चुकवू नये. ज्या वेळी चहा व्हायचा त्या वेळी हाताला दुसरे काही हवे असते. गवती चहाचा काढा, लिंबूपाणी, ताक, कोमट पाणी यांपैकी जे आवडेल ते घ्यावे. टपरीवर जायचे ते गप्पांसाठी असेल तर गप्पांना जरूर जावे. तिथे एकाला दोन कप न घेता एकात दोघे घ्यावे.

झोप येत असेल तर काय करावे? याचे उत्तर तथागतांनी महामोग्गल्लान यांना दिलेल्या उपदेशात आहे. ध्यानात मोग्गल्लानांना डुलकी येत होती, तेव्हा तथागतांनी एकामागून एक उपाय सांगितले. मनातील विषय बदलावा. शिकलेल्या धम्माचे चिंतन आणि पठण करावे. कान ओढावेत, अंग चोळावे. उठून डोळ्यांवर पाणी मारावे, चोहोकडे आणि आकाशातील ताऱ्यांकडे पाहावे. मन प्रकाशाकडे वळवावे. चंक्रमण करावे, म्हणजे सावधपणे येरझाऱ्या घालाव्यात. एवढे करूनही झोप जात नसेल तर उजव्या कुशीवर पडून सरळ झोप घ्यावी आणि जाग येताच उठावे. आजचे डॉक्टर उजेड, हालचाल, थंड पाणी आणि शेवटी झोप हेच सांगतात. या यादीचा शेवट झोपेने होतो, हे विशेष. झोपेचे कर्ज कुठल्याही पेयाने फिटत नाही.

अठरा तासांच्या अभ्यासाविषयी

बाबासाहेबांच्या जयंतीनिमित्त अनेक महाविद्यालयांत आणि वस्त्यांत सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. तो प्रेरणेचा दिवस आहे आणि तो व्हावा. पण रोजच्या अभ्यासाला ते माप लावून, रात्री कॉफीवर कॉफी घेऊन जागणारी मुले आम्ही पाहतो. दिवसा वाचलेले मेंदूत पक्के बसण्यासाठी रात्रीची झोप लागते. झोप कापून वाचलेले परीक्षेच्या वेळी आठवत नाही. मग जे जमले नाही त्याची लाज वाटते, आणि दुसऱ्या दिवशी पुस्तकच उघडावेसे वाटत नाही.

बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेतील आणखी एक गोष्ट मुलांना सांगितली पाहिजे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध पहिल्या वेळी जसाच्या तसा स्वीकारला गेला नाही. त्यात बदल करण्यास सांगण्यात आले. बाबासाहेबांनी तो पुन्हा लिहून सादर केला आणि १९२३ मध्ये त्यांना डी.एस्‌सी. ही पदवी मिळाली. परत आलेला कागद पुन्हा हाती घेणे, ही त्यांच्याकडून शिकण्याची पहिली गोष्ट आहे. त्रुटी निघून परत आलेला शिष्यवृत्तीचा अर्ज त्याच नजरेने पाहावा.

नागापूर किंवा सुपे औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करणाऱ्यांनी चहा पाळीच्या पहिल्या अर्ध्या भागात घ्यावा. पाळी संपताना घेतलेला चहा घरी गेल्यावरची झोप घालवतो. दुचाकीवर झोप येत असेल तर चहावर विसंबून पुढे जाऊ नये, गाडी बाजूला लावून वीस मिनिटे डोळे मिटावेत.

भाकरीबरोबर चहा, आणि चहातली साखर

आपल्या घरांत सकाळी चहात भाकरी किंवा चपाती बुडवून खाल्ली जाते. ऊसतोडीच्या फडावर तर कधीकधी हीच न्याहारी असते. चहातील टॅनिनसारखी द्रव्ये भाकरी, डाळ आणि पालेभाज्यांतील लोह शरीरात शोषू देत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. त्यामुळे जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळावी, असा राष्ट्रीय पोषण संस्थेचा सल्ला आहे. भाकरी चटणी, कालवण किंवा पिठल्याबरोबर खावी, वर लिंबू पिळावे. लिंबातील क जीवनसत्त्वाने लोह चांगले शोषले जाते. जी स्त्री ‘मला कामाचा उरकच राहिला नाही’ म्हणते, तिच्याबाबत आळसाचा विचार करण्याआधी हिमोग्लोबिन तपासावे. ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते.

लोहाची गोळी आणि थायरॉइडची गोळी चहा-कॉफीबरोबर घेऊ नये, पाण्याबरोबर घ्यावी. गरोदर स्त्रियांनी चहा-कॉफी कमीच ठेवावी. दिवसाला ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅफीन घेणाऱ्या गरोदर स्त्रियांनी ते कमी करावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये सांगितले आहे. मुलांना सकाळी चहा देऊन शाळेत पाठवण्याची सवय सोडावी.

आपला जिल्हा साखरेचा. प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याला आता सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला. त्यामुळे आपल्याकडे गोड चहा हा पाहुणचाराचा भाग झाला. पण एका कपात दोन चमचे, म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर धरली तर सहा कपांत ६० ग्रॅम होते. महिन्याला ती पावणेदोन किलोच्या पुढे जाते, तीही एका माणसाची. दिवसाला साधारण ५० ग्रॅमच्या वर साखर जाऊ नये आणि शक्यतो २५ ग्रॅमच्या आत राहावी, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांवरून निघते. गुळाच्या चहाने हा हिशोब फारसा बदलत नाही. मधुमेह असलेल्यांनी चहा कमी करण्याचा सर्वांत मोठा लाभ इथेच आहे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

चहा हळूहळू कमी करूनही दहा दिवसांनंतर डोकेदुखी राहिली, छातीत सतत धडधड होत असेल, रक्तदाब वाढलेला असेल, तर तपासून घ्यावे. कामे टळत आहेत आणि त्याबरोबर दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास आहे, झोप-भूक बिघडली आहे, जगणे नकोसे वाटते असे विचार येत आहेत, तर तो चहाचा किंवा आळसाचा प्रश्न राहत नाही. केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते आणि मराठीतही बोलता येते. मनाच्या दुखण्यासाठी मदत मागण्यात कमीपणा नाही.

सोण नावाच्या भिक्खूने अतिरेकी परिश्रमाने पाय रक्तबंबाळ करून घेतले, तेव्हा तथागतांनी त्याला वीणेची आठवण दिली. तार फार ताणली तर सूर नीट लागत नाही, फार सैल सोडली तरी लागत नाही. एका दिवसात चहा बंद आणि सगळी कामे पूर्ण, ही फार ताणलेली तार आहे. ‘बघू पुढच्या महिन्यात’ ही सैल तार. मधला मार्ग असा, की आज पिशवी खाली काढावी, यादी करावी, एक कागद हाती घ्यावा. तो भरून झाला की हवा तर चहा घ्यावा. पुढच्या आठवड्यापासून संध्याकाळचा कप सोडावा. पुढच्या पौर्णिमेला विहारात भेटू तेव्हा कुणी किती चहा सोडला हे आम्ही विचारणार नाही. पिशवीतले किती कागद मार्गी लागले, एवढेच विचारू.

जयभीम! नमो बुद्धाय!